नावडीचीं इंग्रजी क्रियापदें आणि ऑथेल्लोची किळस

परभाषेंतील एखादा शब्द अडला म्हणजे कोश उघडावा, त्यापुढें दिलेल्या तीन-चार मराठी शब्दांपैकीं बरा दिसेल तो उचलावा आणि पुढें चालावें, हा क्रम आपल्याकडे इतका रूढ झाला आहे कीं, त्यांत कांहीं चुकतें अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. ज्या शब्दांनीं नुसत्या वस्तु दाखवावयाच्या असतात त्यांच्यापुरता हा क्रम चालून जातो. परंतु जे शब्द मनाच्या विकारांचे, त्यांच्या बाबतींत तो फसवितो. आणि कसा फसवितो याचा अनुभव आम्हांस मागें एकदां उत्तरपत्रिका तपासतांना आला. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकांतील तीन निरनिराळ्या स्थळांचे उतारे मराठींत उतरविण्यास दिले होते. एकांत 'हेट' हें क्रियापद होतें, दुसऱ्यांत 'लोद', तिसऱ्यांत 'ॲभॉर'. बहुतेक मुलांनीं तिन्ही ठिकाणीं 'तिरस्कार करणें' हें एकच क्रियापद घालून पान पूर्ण केलें होतें. एका विद्यार्थ्यानें मात्र 'हेट' याला 'हेटाळणी करणें' असा प्रतिशब्द योजिला होता. हें ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचें आहे, आणि हेटाळणी म्हणजे 'हेट' नव्हे, 'स्कॉर्न' होय. तथापि निदान वेगळा शब्द शोधण्याची खटपट केल्याबद्दल त्याला अर्धा गुण अधिक द्यावा असें आम्हांस क्षणभर वाटलें. दिला नाहीं.

विद्यार्थ्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्यांच्या मातृभाषेंतले हे शब्द, त्या इंग्रजांच्या कोशांचीहि गत फारशी वेगळी नाहीं. डॉ. जॉन्सनचा प्रसिद्ध कोश १७५५ सालीं निघाला. त्यांत 'हेट' शोधावें, तर अर्थ म्हणून 'डिटेस्ट' आणि 'ॲभॉर' हीं क्रियापदें हातीं येतात. म्हणून 'डिटेस्ट'कडे वळावें, तर तें पुन्हां 'हेट'च्याच दारांत आणून सोडतें. आणि हा जॉन्सन कांहीं या विकारास परका नव्हता. बाथर्स्ट नांवाच्या आपल्या एका स्नेह्याची तो जी वाखाणणी करी ती, मिसेस पिओझीनें लिहून ठेविल्याप्रमाणें, हा मनुष्य उत्तम द्वेष करूं जाणतो, अशीच होती! पुढें १८१६ मध्यें जॉर्ज क्रॅबनें समानार्थक शब्दांतील भेद दाखविणारें मोठें पुस्तक काढलें आणि १८५२ मध्यें रॉजेटचा शब्दसंग्रह आला. क्रॅब भेद समजावून सांगतो, रॉजेट सारे शब्द एका दावणीला बांधतो. आणि लोकांस दुसरेंच अधिक सोयीचें वाटलें, हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें.

आमच्याकडील मार्गदर्शक पुस्तकांनीं यांतून आणखी एक युक्ति काढली आहे. तीं या क्रियापदांची शिडी करतात. तळाच्या पायरीवर 'डिसलाइक', मग 'हेट', मग 'डिटेस्ट', मग 'लोद', आणि अगदीं माथ्यावर 'ॲभॉर'. जणुं काय माणसाच्या मनांत तापमापक बसविलेला असून पारा जसजसा चढेल तसतसें क्रियापद बदलावयाचें! या शिडीशींच आमचें मुख्य भांडण आहे. हीं क्रियापदें एकमेकांच्या वर-खालीं नाहींत, शेजारीं-शेजारीं आहेत. त्यांच्यांतील खरा फरक विकाराच्या तीव्रतेचा नसून, तो विकार माणसाच्या ठायीं कोठें उठतो याचा आहे.

'हेट' हें जर्मानिक कुळांतील जुनें क्रियापद. जर्मन भाषेंत त्याचा सख्खा भाऊ आजहि त्याच अर्थानें नांदत आहे. त्याचें ठिकाण अंतःकरण. ज्याला आपण 'हेट' करतों त्याचें वाईट व्हावें, अशी इच्छा त्याच्या पोटीं असते. ती इच्छा वर्षानुवर्षें टिकते, तिला धीर धरतां येतो, हिशेब ठेवतां येतो, प्रसंगीं हंसून बोलतांहि येतें. मराठींत ज्याला द्वेष म्हणतात तो हाच. 'पाण्यांत पाहणें', 'डूख धरणें' हे वाक्प्रचार त्याच घराण्यांतले. अलीकडे हें इंग्रजी क्रियापद फार स्वस्त झालें आहे, ही गोष्ट खरी. इंग्रजी शाळेंत जाणारीं आमच्या घरांतील मुलें गणित, कारलें, पाऊस, सोमवारची सकाळ, या सर्वांना दिवसांतून दहा वेळां 'हेट' करतात. पण 'मला कारल्याचा द्वेष वाटतो' असें त्यांतलें एकहि मूल मराठींत म्हणणार नाहीं. कारल्याचें वाईट चिंतून काय मिळणार?

'लोद' हेंहि जर्मानिकच, परंतु त्याचें बिऱ्हाड पोटांत आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत या क्रियापदाचा उपयोग पाहण्यासारखा आहे. रानांत भटकणारे इस्रायली लोक रोज तेंच तें अन्न खाऊन विटले, त्या ठिकाणीं तें आलें आहे. आणि पोट भरलेल्या माणसाला मधाचें पोळेंहि नकोसें होतें असें जेथें म्हटलें आहे, तेथेंहि तेंच आहे. आपला 'वीट' आणि आपली 'किळस' या दोहोंच्या मधली ही जागा. पदार्थ मुळांत वाईटच असला पाहिजे असें नाहीं. मधाचाहि वीट येतो. पण एक गोष्ट अवश्य लागते, ती जवळीक. द्वेष लांबून करतां येतो, न पाहिलेल्या माणसाचाहि करतां येतो. किळस यावयाची ती जें तोंडाशीं आलें, अंगाला लागलें, किंवा खाल्लें गेलें त्याची. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, तिच्यावर आपली सत्ता चालत नाहीं. हॅझलिटचा द्वेषांतील सुखासंबंधीं जो विख्यात निबंध १८२६ च्या संग्रहांत आहे, त्याचा प्रारंभ जमिनीवरून सरपटत जाणाऱ्या एका कोळ्यापासून होतो. निबंधकार त्या कोळ्यास मारीत नाहीं. उलट त्याला निसटून जाण्यास मदत करतो. मात्र तो दिसतांच उठणारी शिसारी आपल्यांतून गेलेली नाहीं, ही कबुली तो देतो. द्वेषाला शिकवितां आलें, किळसेला आलें नाहीं.

'ॲभॉर'ची कथा याहूनहि मनोरंजक आहे. त्याच्या मुळाशीं लॅटिनमधील 'हॉरेरे' हा धातु आहे. अर्थ, केस ताठ उभे राहणें, अंगावर काटा येणें. आपल्या संस्कृतांतील 'हृष्' हा धातु त्याचाच सगोत्र. एकाच मुळापासून रोमन लोकांनीं 'हॉरर' केला आणि आपण हर्ष केला! अर्थात् आपल्याकडेहि 'रोमहर्ष' आनंदानें होतो तसा भीतीनेंहि होतो. 'लोमहर्षण' युद्धाचें वर्णन वाचतांना कोणी आनंदानें पुलकित होत नाहीं. तेव्हां 'ॲभॉर'चें ठिकाण अंगाची त्वचा. शिवाय त्याच्या आरंभीं जो 'ॲब' हा उपसर्ग आहे, त्याचा अर्थ 'पासून', 'दूर'. म्हणजे शहारून मागें सरणें. संस्कृत व्याकरणांत जुगुप्सा दाखविणाऱ्या धातूंच्या योगें पंचमी येते. माणूस पापाची जुगुप्सा करीत नाहीं, पापापासून करतो. लॅटिनमध्येंहि हाच प्रकार, आणि सोळाव्या शतकांतील इंग्रजींतहि या क्रियापदापुढें 'पासून' या अर्थाचें अव्यय कधीं कधीं येत असे. उलट 'द्विष्' धातूला सरळ द्वितीया. द्वेष शत्रूवर चालून जातो. 'ॲभॉर' माघार घेतें. निसर्गाला पोकळी खपत नाहीं असें जें जुनें शास्त्रवचन टॉरिचेल्लीच्या १६४३ च्या पाऱ्याच्या प्रयोगानें डळमळीत झालें, त्यांत इंग्रजांनीं हेंच क्रियापद योजिलें आहे. तेथें 'हेट' घालून पाहावें. निसर्ग पोकळीवर दांत ठेवून बसला आहे असें कांहींतरी हास्यास्पद होईल.

बाकीच्यांचा परामर्श थोडक्यांत घेतों. 'डिटेस्ट'मध्यें साक्षीदार या अर्थाचा लॅटिन शब्द दडलेला आहे. देवाला साक्षी ठेवून शाप देणें, हा त्याचा मूळ अर्थ. म्हणून त्याचें ठिकाण मुख, आणि त्याला ऐकणारें कोणीतरी लागतें. आपला 'धिक्कार' त्याच्या जवळचा. स्विफ्टनें १७२५ मध्यें पोपला लिहिलेल्या पत्रांत मनुष्य नांवाच्या प्राण्यासंबंधीं 'हेट' आणि 'डिटेस्ट' हीं दोन्ही क्रियापदें जोडीनें वापरलीं, तीं उगीच नव्हेत. एक मनांत धरावयाचें, दुसरें उघड सांगावयाचें. 'ॲबॉमिनेट'मध्यें अपशकुन आहे. अभद्र कानीं पडतांच संस्कृत नाटकांतील पात्रें 'शान्तं पापम्' म्हणतात, तो जो भाव, तोच त्याचा मूळ भाव. मध्ययुगांत या शब्दाचा संबंध चुकीनें मनुष्यवाचक लॅटिन शब्दाशीं जोडून त्यांत एक 'ह' घुसविण्यांत आला, आणि त्या 'ह'कारासाठीं हट्ट धरणाऱ्या पंतोजीची शेक्सपिअरनें 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्यें यथेच्छ थट्टा केली आहे. 'डिस्पाइज' म्हणजे वरून खालीं पाहणें. त्यांतील पाहण्याचा धातु आणि हेर या अर्थाचा आपला 'स्पश' हे एकाच वंशांतले. त्याला उंची लागते, राग लागत नाहीं. ज्याला आपण तुच्छ लेखतों त्याचा द्वेष करण्याचे श्रमहि आपण घेत नाहीं.

येथें आपल्या लाडक्या 'तिरस्कार' शब्दाविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. 'तिरः' म्हणजे आड; 'तिरस्करिणी' म्हणजे पडदा. तिरस्कार करणें म्हणजे एखाद्याला दृष्टीआड करणें, त्याला न मोजणें. म्हणजे तो 'हेट'पेक्षां 'डिसडेन'च्या अधिक जवळचा. तरी आपण त्याला घरगड्याप्रमाणें हरकामास जुंपलें आहे. 'घृणा' शब्दाचें तर आश्चर्यच. संस्कृतांत त्याचा अर्थ किळस असा आहे तसा दया असाहि आहे, आणि म्हणून निर्दय खुनाला वर्तमानपत्रें आजहि 'निर्घृण' म्हणतात. घृणेनें पेटून केलेला निर्घृण खून, असें एखाद्या बातमींत वाचावयास मिळालें तर व्याकरणदृष्ट्या त्यांत कांहींच गैर नाहीं.

आतां एका महत्त्वाच्या भेदाकडे वळतों. इंग्रजींत हीं सारीं क्रियापदें एकाच सांच्याचीं आहेत: मी कर्ता, तो कर्म. मी त्याला 'हेट' करतों, मी त्याला 'लोद' करतों, मी त्याला 'डिस्पाइज' करतों. वाक्याच्या घडणीवरून कांहींच भेद कळत नाहीं. मराठींत मात्र तो व्याकरणच उघडा करतें. द्वेष मी करतों, धिक्कार मी करतों, तुच्छ मी लेखतों. परंतु किळस मला येते, वीट मला येतो, शिसारी मला येते, तिटकारा मला वाटतो. पहिल्या प्रकारांत मी करणारा आहें. दुसऱ्यांत, कांहींतरी बाहेरून येऊन मला धरतें. 'किळस करणें' असें कोणी म्हटलें तर तें कानाला खटकतें. किळस ही करण्यासारखी गोष्टच नव्हे. मजा अशी कीं, इंग्रजींतहि एके काळीं हा प्रकार होता. मध्ययुगीन इंग्रजींत 'लोद' हें क्रियापद 'मला किळस येते' या धर्तीवर चालत असे, आणि 'लाइक' तर शेक्सपिअरच्या काळींहि अधूनमधून आपल्या 'आवडणें'सारखें चाले. पुढें त्या भाषेनें सगळ्यांना एकाच गणवेशांत उभें केलें. तेव्हां या बाबतींत मराठी वाचकाच्या हातीं एक असें साधन आहे, जें आजच्या इंग्रजी वाचकाजवळ नाहीं. तें साधन 'ऑथेल्लो'ला लावून पाहिलें तर काय दिसतें, हें सांगण्यासाठींच हा सारा प्रपंच.

हें नाटक १ नोव्हेंबर १६०४ रोजीं इंग्लंडच्या राजदरबारीं झालें. मराठींत तें महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं १८६७ मध्यें आणलें, आणि १८९० मध्यें देवलांच्या 'झुंझारराव'नें तें रंगभूमीवर रुजविलें. म्हणजे आपली त्याच्याशीं ओळख दीड शतकाहून जुनी. इंग्रज टीकाकारांमध्यें त्यासंबंधीं जो मोठा वाद आहे, तो नायकाच्या स्वभावाचा. ब्रॅडलेच्या मतें (१९०४) ऑथेल्लो हा मुळांत उदात्त, संशयाला परका पुरुष; इयागोच्या असाधारण कपटानें त्याचा घात झाला. याच्या उलट लीव्हिसनें १९३७ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, ऑथेल्लो हा स्वतःच्या थोरपणाच्या चित्रावर लुब्ध झालेला मनुष्य आहे, आणि अखेरचीं त्याचीं भाषणें म्हणजे आत्मवंचना होय. या वादांतील कळीचा मुद्दा नायकाचें अखेरच्या प्रवेशांतील एक वाक्य आहे. आपण जें केलें तें 'हेट'नें नव्हे, अब्रूसाठीं केलें, असें तो तेथें म्हणतो. हें खरें कीं खोटें? सर्व नावडींना 'तिरस्कार' म्हणणाऱ्या वाचकाला तें सपशेल खोटें वाटेल. बायकोचा गळा दाबणाऱ्या माणसाच्या मनांत तिच्याविषयीं तिरस्कार नव्हता, हें कोण मानील?

परंतु नाटकांत हीं क्रियापदें कशीं वाटून दिलीं आहेत तें पाहावें. अगदीं पहिल्या प्रवेशाच्या पहिल्या दहा ओळींतच तीन येतात. इयागो रॉडरिगोला म्हणतो कीं, आपल्याला ही बातमी आधीं ठाऊक असेल तर आपल्याला 'ॲभॉर' करावें. रॉडरिगो त्याला आठवण देतो कीं, तुझ्या मनांत त्या मूरविषयीं 'हेट' आहे असें तूं बोलला होतास. इयागो उत्तरतो कीं, तें नसेल तर मला 'डिस्पाइज' कर. तिन्ही शब्द आपापल्या जागीं अचूक आहेत. विश्वासघातक्यापासून अंग चोरून मागें सरावें; शत्रूचा द्वेष करावा; आणि ज्याच्यांत द्वेष करण्याचेंहि पाणी नाहीं, त्याला खालीं पाहावें. आणि हें सर्व ज्या रॉडरिगोला सांगावयाचें, त्याला इयागो स्वतः कवडीमोल समजतो, ही आणखी गंमत.

'हेट' हें इयागोचें खास क्रियापद आहे. मूरला आपण 'हेट' करतों हें तो पुनःपुन्हां सांगतो, आणि आपलें प्रकरण हृदयांतलें आहे असेंहि सांगतो. त्याच्या एका स्वगतांत प्रथम द्वेषाचें विधान येतें आणि मग त्याला पत्नीविषयींच्या एका अफवेचें कारण 'आणि' या अव्ययानें जोडलें जातें; 'कारण' या अव्ययानें नव्हे. निष्कारण दुष्टता कारणें शोधीत हिंडते, असा अभिप्राय कोलरिजनें दिला तो याच स्थळाला धरून. शिवाय या द्वेषांत तुच्छता मुळींच नाहीं. दुसऱ्या एका स्वगतांत इयागो ऑथेल्लोच्या स्थिर, प्रेमळ, उदार स्वभावाची कबुली देतो, आणि त्याच वाक्यांत तो आपल्याला सोसवत नाहीं असें म्हणतो. आपल्या साहित्यशास्त्रांत 'अमर्ष' नांवाचा एक व्यभिचारी भाव सांगितला आहे. त्या शब्दाचा अर्थच न सोसणें असा आहे. चांगुलपणा दिसतो, मान्यहि होतो, आणि तोच सोसवत नाहीं: इयागोचें निदान याहून थोडक्यांत आम्हांस करतां येणार नाहीं.

आतां 'लोद'कडे. नाटकांत किळसेची भाषा प्रथम कोण काढतो? ऑथेल्लो नव्हे, इयागोच. दुसऱ्या अंकांत तो रॉडरिगोला समजावतो कीं, डेस्डेमोनाचा हा लोभ फार दिवस टिकावयाचा नाहीं. लवकरच तिला मळमळूं लागेल, चव जाईल, आणि ती मूरपासून शहारून मागें सरेल. येथें त्यानें 'ॲभॉर' घातलें आहे, पण त्याच्या आगेमागें सगळी पोटाची भाषा आहे. गोऱ्या देहानें काळ्या देहाला नाकारलेंच पाहिजे, हा त्याचा सिद्धांत. तो सिद्धांत खोटा ठरतो. डेस्डेमोनाला मरेपर्यंत कसलाहि वीट येत नाहीं. पण तिसऱ्या अंकांत तोच सिद्धांत इयागो ऑथेल्लोच्या कानांत ओततो. आपल्या रंगाच्या, आपल्या देशाच्या वरांना नाकारून तिनें तुला पत्करलें, या आवडीलाच दुर्गंधि येते, असें तो नाक धरल्यासारखें बोलतो. तो जातांच ऑथेल्लो एकटा उरतो, स्वतःच्या काळ्या रंगाचा उल्लेख करतो, आणि मग तें वाक्य येतें: ती गेली, आपण फसलों, आतां आपला आराम एवढाच कीं तिला 'लोद' करणें. लगेच पुढें अंधारकोठडींतील वाफेवर जगणाऱ्या बेडकाची उपमा आहे, आणि चौथ्या अंकांत तेच बेडूक घाणेरड्या हौदांत पुन्हां भेटतात. डेस्डेमोनाच्या पोटांत उठेल म्हणून जी मळमळ इयागोनें वर्तविली होती, ती तेथें उठली नाहीं. ती त्यानें तिच्या नवऱ्याच्या पोटांत नेऊन ठेविली.

या एका वाक्याचें मराठी भाषांतर करावयास बसावें, म्हणजे शेक्सपिअर काय करीत आहे तें कळतें. 'तिचा तिरस्कार करणें' असें लिहिलें तर वाक्य गुळगुळीत होतें आणि मरतें. 'तिचा द्वेष करणें' हें साफ चूक. 'तिची किळस करणें' हें मराठीच नव्हे. आणि हाच तर मुद्दा! जी गोष्ट आपण होऊन यावी लागते, ती ऑथेल्लो कर्तव्य म्हणून अंगावर घेऊं पाहतो. सेनापतीनें हुकूम सोडावा तसा तो आपल्या जठराला हुकूम सोडतो. आमच्या मतें येथें 'किळस यावी' असें इच्छार्थक रूपच योजिलें पाहिजे. तिची किळस यावी म्हणजे सुटलों. त्यांत, ती अद्याप आलेली नाहीं, ही गोष्ट आपोआप येते, आणि तीच त्या क्षणाची खरी करुणता आहे.

ती किळस पुढेंहि येत नाहीं, म्हणून त्याच प्रवेशाच्या शेवटीं त्याला द्वेषाला बोलवावें लागतें. हृदयांतील सिंहासन प्रेमानें सोडावें आणि तेथें जुलमी 'हेट'नें बसावें, असें तो आवाहन करतो. हृदयाचा उल्लेख इयागोनें आपल्या द्वेषासंबंधीं केला होता त्याच शब्दानें येथें होतो. शिष्यानें गुरूचा शब्द उचलला आहे. पण आवाहन केलेला देव प्रत्येक वेळीं मूर्तींत येतोच असें नाहीं. द्वेष ज्याच्यांत असतो त्याला इतका आरडाओरडा करावा लागत नाहीं. इयागोला कोठें लागला?

बिचाऱ्या डेस्डेमोनाच्या वांट्याला यांतलें एकच क्रियापद आलें आहे. चौथ्या अंकांत नवरा तिला ज्या नांवानें हाक मारतो तो शब्द तिला उच्चारवत नाहीं. तो उच्चारतांना तोच आपल्याला 'ॲभॉर' करतो, असें ती म्हणते. नटांच्या कानाला ठाऊक आहे कीं, या क्रियापदांत त्या वर्ज्य शब्दाचा ध्वनि लपलेला आहे. पण त्याहून मोलाची गोष्ट तिच्या वाक्याची रचना. साऱ्या नाटकांत येथेंच कर्ता उलटला आहे. ती कोणाला 'ॲभॉर' करीत नाहीं; तो शब्द तिला तसें करतो, म्हणजे तिच्या अंगावर काटा आणतो. अगदीं आपल्या 'मला शिसारी येते' या धर्तीचें हें इंग्रजी आहे, आणि म्हणून मराठींत तें विनासायास उतरतें. भोवतालचे सर्व पुरुष द्वेष, किळस, तुच्छता हीं हत्यारांसारखीं उचलीत असतां, या एका पात्राच्या तोंडीं विकार आपल्या खऱ्या रूपांत, अंगावर येणारा म्हणून येतो.

मग अखेरचें तें वाक्य खरें कीं खोटें? आम्हांस तें अक्षरशः खरें वाटतें, आणि त्यांत ऑथेल्लोच्या बाजूचें कांहींहि नाहीं असेंहि वाटतें. ब्रॅडलेप्रमाणें आम्ही त्याला त्याबद्दल मोठेपणा देत नाहीं. लीव्हिसप्रमाणें निव्वळ आत्मवंचनाहि म्हणत नाहीं. द्वेष त्याच्यांत नव्हता. तो ज्याच्यांत होता त्यानें याच्या हातून काम करवून घेतलें. ज्याला तो अब्रू म्हणतो, ती मागविलेली आणि कधींच न आलेली किळस होय. त्याच प्रवेशांत तो इयागोविषयीं सांगतो कीं, हा प्रामाणिक मनुष्य आहे, घाणेरड्या कृत्यांना चिकटलेल्या चिखलाला तो 'हेट' करतो. चिखलाचा द्वेष! चिखलाची किळस यावयाची असते. ऑथेल्लोनें क्रियापद चुकविलें असें दिसतें. पण ज्याच्याविषयीं तो बोलत आहे, त्याच्यापुरतें तेंच बरोबर होतें.

आणि ती किळस आली नाहीं याचा पुरावा नाटककारानें शब्दांत ठेवलाच नाहीं. खुनाच्या आधीं ऑथेल्लो झोंपलेल्या डेस्डेमोनावर वांकतो, झाडावरचें गुलाबाचें फूल हुंगावें तसा तिचा श्वास हुंगतो, आणि तिचें पुनःपुन्हां चुंबन घेतो. 'लोद' करणाऱ्या माणसाचें नाक आणि ओंठ हें करीत नाहींत. स्वतः मरतांनाहि तो तिच्याच ओंठांवर पडतो.